आपण जाऊ तवाच पुढचं होते

बाबांना दुपारी आवाज नसायचा. सकाळचा सगळा आवाज कळमन्याच्या फळबाजारात खर्चून ते घरी यायचे. तिथे एका अडत्याकडे ते संत्र्यांचा लिलाव पुकारायचे. ढिगाशेजारी पालथ्या घातलेल्या लाकडी पेटीवर उभं राहायचं, हमालांच्या आणि टेम्पोंच्या गोंगाटावरून बोली वाढवत न्यायची, आणि शेवटी 'एक... दोन...' म्हटल्यावर तीन म्हणण्याआधी इतकं थांबायचं की घेणाऱ्यांपैकी कोणीतरी कासावीस होऊन आणखी थोडं चढावं. बाजारात त्यांचं नाव होतं ते या थांबण्यासाठी. घरी आले की हातपाय धुऊन ते गरम पाण्यात गूळ विरघळवून पीत आणि मग संध्याकाळपर्यंत खुणांनी किंवा फार तर कुजबुजत बोलत. आई त्या खुणांना इतकी सरावली होती की दोघांचंही बोलणं ती एकटीच करायची. "काय म्हणता? वरण पातळ झालं? पातळ नाही झालं, तुमी उशिरा आले." बाबा हात हलवायचे. "हाव, हाव, समजलं. ट्रक उशिरा आला. मंग उद्यापासून ट्रकवाल्यालेच वाढते वरण." मी जेवता जेवता ठसका लागेपर्यंत हसायचो आणि बाबांच्या घशातून हसण्याच्या जागी नुसती हवा यायची.

घर दोन खोल्यांचं होतं. मागे स्वयंपाक, पुढे बाकी सगळं: दिवाण, हिवाळ्यात प्लास्टिक पांघरून बसलेला कूलर, देवाचा कोनाडा आणि मी विज्ञान शाखा घेतली म्हणून बाबांनी सुटे भाग जुळवून आणवलेला कॉम्प्युटर. त्याच्या मॉनिटरवर आईने भरतकामाचा पोपट काढलेला रुमाल टाकलेला असे. मी तो रुमाल काढला की तिला कळायचं, आता मुलगा कामातून गेला. बाजारातून दबलेली, डाग पडलेली संत्री पिशवी भरून यायची. साली टिनाच्या छपरावर वाळत पडलेल्या असत आणि थंडीच्या दिवसांत अख्ख्या घराला, पांघरुणांनासुद्धा, तो कडवट गोड वास असे. घराच्या मागून मालगाडी जाई तेव्हा भांडी फळीवर किणकिणत. मला आजही मालगाडीचा आवाज आला की आधी संत्र्याचा वास येतो, मग गाडी दिसते.

कॉलेजातल्या एका मित्राने मला त्या खेळाची सीडी दिली होती. एक मोठा मुलूख होता, त्यात डोंगर, दलदल, किल्ले, खेडी, आणि आपला एक माणूस घोड्यावर बसून हवा तिकडे जाऊ शकत असे. आकाशात अजगरासारखे पंखवाले प्राणी फिरत. सगळे म्हणत ते लढाईसाठी खेळतात. मला त्यातला दिवस आवडायचा. तिथला सूर्य घाईत असे. आमच्याकडे वरणाला तीन शिट्ट्या होईपर्यंत तिथे सकाळची दुपार व्हायची. पण आपण आपली थैली उघडली की सगळं जागच्या जागी थांबे. अंगावर झेप घेतलेला लांडगा हवेत तसाच राही. आपण सावकाश थैलीतून खाणं काढावं, खावं, जखम भरून घ्यावी, थैली मिटावी, मग लांडगा उरलेली झेप पुरी करी. दुसरी एक कळ होती, ती दाबली की खेळ विचारायचा, किती तास थांबायचं? आपण सांगू तेवढे तास आकाश भरभर फिरे, आणि रात्री बंद असलेलं दुकान क्षणात उघडलेलं असे.

आई एकदा पोळी लाटता लाटता दारात येऊन उभी राहिली. लाटणं हातात होतं. "हे काय? वाघ अंगावर येऊन राहिला अन् हा पत्तागोबी खाऊन राहिला?"

"लांडगा आहे आई."

"कोणीही असो. तो खाऊन राहिला अन् वाघ पाहून राहिला. वाघ आहे का पाहुणा आहे बाप्पा?"

बाबांचे प्रश्न वेगळे असत. दुपारी जेवून ते माझ्यामागे स्टुलावर बसत आणि पडद्याकडे बघत. खेळातल्या एका गावात बाजार होता. तिथे सफरचंदं, कांदे, कोबी मांडलेले असत. बाबांनी माझ्या खांद्यावर बोट ठेवलं आणि कुजबुजले, "हा माल कवाचा?"

"कवाचाही नाही बाबा. असाच राहते."

"सडत नाही?"

"नाही."

त्यांनी बराच विचार केला. "सडत नसन तर विकाची घाई कोणाले? अन् घाई नसन तर भाव कायचा?" शेतात गहू नेहमी पिकलेलाच उभा असे, त्यावरही ते अस्वस्थ व्हायचे. "कापत काहून नाही हे लोक? गारपीट झाली तं?" मी सांगितलं की तिथे गारपीट होत नाही, ऋतूच बदलत नाही, जिथे बर्फ तिथे कायम बर्फ. तिथली पोरं मोठी होत नाहीत. म्हातारे मरत नाहीत. बाबा ऐकत राहिले आणि मग आईकडे बघून त्यांनी खूण केली, की तुझ्या पोराच्या मुलखात मला काही काम मिळायचं नाही.

त्या मुलखात एका खेड्याच्या टोकाला एक म्हातारा राहायचा. आपण दारावरून गेलो की तो हात जोडून बाहेर येई. त्याची मुलगी तापाने फणफणलेली असे, आत खाटेवर खोकत पडलेली. डोंगरावरची एक मुळी आणा, उजाडायच्या आत आणा, नाही तर ती वाचायची नाही, असं तो सांगे. मी त्याचं इंग्रजी बोलणं बाबांना आमच्या बोलीत करून सांगायचो. मुळी मी कधीच आणली होती, थैलीत पडून होती. पण त्या खेड्याकडे परत जायचा मला कंटाळा होता आणि मी दुसरीकडेच भटकत होतो. एक दिवस बाबांना राहवलं नाही. नसलेल्या आवाजात ते ओरडले, "अबे, पोरगी मरून राहिली तिकडं, अन् तू फुलं तोडून राहिला!"

"नाही मरत बाबा."

"म्हातारा तर म्हणून राहिला, सकाळलोक नाही वाचत म्हणून."

"त्यानं तसं म्हणाचंच असते. आपण जाऊ तवाच पुढचं होते."

"अन् नाही गेलो तं?"

"मंग काहीच नाही होत. ती तशीच राहते."

आमच्या बोलीत चालू असलेली प्रत्येक गोष्ट 'राहते'. इतर लोक जेवतो आहे म्हणतात, आम्ही जेवून राहिलो म्हणतो. नोकरीत लागल्यावर मी एका पुण्याच्या सहकाऱ्याला फोनवर 'मी येऊन राहिलो' म्हटलं होतं, तेव्हा त्या बिचाऱ्याला वाटलं की मी कालच येऊन मुक्काम ठोकला आहे आणि त्याला कळवलंही नाही. मरून राहिली म्हणजे मरते आहे, एवढंच. पण त्या खेळातली मुलगी दोन्ही अर्थांनी मरून राहिली होती. बाबांनी त्या दिवशी मला पुन्हा त्या खेड्याकडे जायला सांगितलं नाही. मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो आणि मला वाटलं, त्यांना खेळ समजला.

संक्रांतीच्या आसपास आईचं पोट दुखायला लागलं. आधी ती हसण्यावारी नेत होती, जेवण जात नाही आणि पोट मात्र सुटतंय म्हणून. मग लुगड्याच्या निऱ्या बसेनात. गल्लीतल्या डॉक्टरांनी रामदासपेठेतल्या एका मोठ्या दवाखान्यात पाठवलं. बाबांनी बाजारातून सुटी घेतली, ती त्यांनी माझ्या आठवणीत पहिल्यांदा घेतली असेल. ऑटोने दोघं गेले आणि संध्याकाळी परत आले. आईने आल्या आल्या चूल नाही, गॅस पेटवला. माझ्या डोळ्यांपुढे मात्र ती चूल पेटवतानाच येते, का कोण जाणे. तिने गोळाभात केला. डाळीचे गोळे भातावर वाफवून त्यावर हिंग-मोहरीचं कडकडीत तेल ओतायचं, हा आमच्याकडे काही बरं घडलं की करायचा पदार्थ. मी विचारलं, डॉक्टर काय म्हणाले.

"गाठ आहे पोटात," ती म्हणाली. "काढा लागते. काढतीन."

"कवा?"

बाबांनी ताटातून मान वर केली नाही. "मृगाचा माल निघून जाऊ दे," ते म्हणाले. त्या दिवशी त्यांनी लिलाव पुकारला नव्हता, तरी आवाज दुपारच्यासारखाच होता. मृग बहाराची संत्री तेव्हा बाजारात यायला लागली होती, मार्चपर्यंत गर्दी राहणार होती.

"हाव," आई म्हणाली, "बहार जाऊ दे. तू तेल घे अजून. कोरडा खाऊन राहिला."

त्यानंतर थोड्याच दिवसांत बाबांनी मला खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः बसले. ज्या माणसाने टाइपरायटरला कधी हात लावला नव्हता, तो माणूस माउस मुठीत दाबून धरून शिकायला लागला. आधी घोडा सारखा भिंतीवर जाऊन आदळायचा. मी मागे, स्टुलावर, मांडीवर पुस्तक घेऊन बसायचो आणि सांगायचो, बाबा उजवीकडे, बाबा ती कळ नाही. महिन्याभरात ते बरे खेळायला लागले. खेळायला म्हणजे हिंडायला. ते कोणाशी लढले नाहीत. नदीकाठाने चालायचे, फुलं आणि बुरशी गोळा करायचे, बाजारात जाऊन न सडणाऱ्या मालाकडे पाहत उभे राहायचे. ती तास पुढे ढकलणारी कळ त्यांनी कधी दाबली नाही. संध्याकाळ होत आली की ते थैली उघडायचे आणि तशीच उघडी ठेवून पाणी प्यायला उठायचे. पडद्यावर सूर्य डोंगराला टेकलेला, आणि टेकलेलाच.

म्हाताऱ्याच्या खेड्यात मात्र ते रोज जायचे. दार ढकलून आत जायचे, मुलीच्या खाटेजवळ उभे राहायचे, तिचं खोकणं ऐकायचे आणि परत निघायचे. मी एकदा म्हटलं, "बाबा, द्या ना मुळी. आहे थैलीत."

"नको," ते म्हणाले. "राहू दे. जशी आहे तशी राहू दे."

आता माझी मुलगी असलेच खेळ खेळते. त्यातलं गवत वाऱ्याने हलतं, घोड्याच्या अंगावरचा घाम दिसतो. पण काळ तिथे अजून तसाच वागतो. कोणीतरी धापा टाकत येऊन सांगतं, वेळ फार थोडा उरला आहे, आणि माझी मुलगी त्याला सोडून मासे पकडायला जाते. मला ते बघवत नाही. मी चहाचा कप घेऊन दुसऱ्या खोलीत जातो. तिला वाटतं, मला असले खेळ आवडत नाहीत.

मला सगळं दिसत होतं, हे मला आधीच लिहायला हवं होतं. आईचे गाल आत गेलेले दिसत होते. भाजी फोडणीला टाकून ती ओट्याला टेकून उभी राहायची ते दिसत होतं. बाबा मुळी देत नाहीत आणि दवाखान्यात जात नाहीत, या दोन गोष्टी एकच आहेत हेही मला कळत होतं, आणि तो नियम त्यांना मी शिकवला होता. आपण जाऊ तवाच पुढचं होते. एकदा तोंड उघडून एवढं म्हणायचं होतं की बाबा, तो खेळ आहे. मी म्हटलं नाही. कारण रोज दुपारी घरात तसंच सगळं चालू होतं, वरण पातळ झालं की नाही यावर वाद होत होता, आणि मलाही ते तसंच राहायला हवं होतं.

माझी परीक्षा संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी एकटाच खेळत बसलो होतो. बाबा यायचे होते. आई भिंतीला धरून बाहेर आली आणि स्टुलावर बसली. इतक्या दिवसांत ती कधी बसली नव्हती, दारातूनच टोमणे मारून जायची. "दाखव बरं," ती म्हणाली, "एवढं काय पाहत राहता तुमी दोघं बापलेक." बाबांनी खेळ म्हाताऱ्याच्या घरातच सोडला होता. पडद्यावर ती मुलगी खोकली.

"हिले काय झालं?"

मी सांगितलं.

"अन् दवा?"

"आहे. थैलीत आहे. लय दिवसापासून आहे."

"मंग देत काहून नाही?"

"बाबा नाही म्हणतात."

ती माझ्याकडे पाहत नव्हती. पोटावर हात ठेवून पडद्याकडे पाहत होती. मालगाडी जाऊन भांडी वाजायची थांबली. मग म्हणाली, "दे."

"आई, बाबा..."

"म्या सांगून राहिली ना. दे तिले."

मी थैली उघडली, मुळी निवडली, दिली. म्हाताऱ्याने काहीतरी पुटपुटत ती मुलीच्या तोंडात पिळली. क्षणभर पडदा काळा झाला आणि उजळला तेव्हा मुलगी खाटेवर उठून बसली होती. ती म्हणाली की तिला फार भूक लागली आहे. मी आईला सांगितलं, "भूक लागली म्हणते." आई इतकं हसली की तिला पोट दाबून धरावं लागलं. "लागनच ना वं बाई," ती पडद्याला म्हणाली, "इतक्या दिवसाची उपाशी ठेवली या लोकानं तुले."

बाबा आले तेव्हा आम्ही तसेच बसलो होतो. हातात संत्र्यांची पिशवी होती. त्यांनी पडद्यावर पाहिलं. मुलगी आता घरात झाडू मारत होती. "हे कोणं केलं?" ते म्हणाले. आवाज नव्हताच, पण मी घाबरलो.

"बाबा, कालचं सेव्ह केलेलं आहे," मी घाईने म्हणालो. "ते काढलं का परत तशीच होते ती. खाटेवर. करू का?"

बाबांनी पिशवी खाली ठेवली आणि माझ्या हातावरून हात पुढे करून माउस धरला.

"हात लावू नका," आई म्हणाली. "चांगली झाली ती. राहू द्या चांगली." मग स्टुलावरून उठता उठता म्हणाली, "उद्या मले दवाखान्यात घेऊन चाला."

"आठ दिवसाचा माल आहे अजून..."

"माल अडत्याचा आहे. बायको तुमची आहे."

बाबांचा हात माउसवरच होता. पिशवीतून एक संत्रं बाहेर आलं, ते दिवाणाखाली गेलं आणि कोणीही वाकून काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी मीही बरोबर गेलो. डॉक्टर वयाने फार नव्हते, रागावलेही नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "मधले दोन महिने कुठे होता तुम्ही?" बाबांनी गळ्याला हात लावून खूण केली, की आवाज गेला आहे, बोलता येत नाही. त्या दिवशी ते बाजारात गेलेच नव्हते. ऑपरेशन झालं. गाठीतलं जे काढता आलं ते काढलं, जे पसरलं होतं त्यासाठी औषधं सुरू झाली. आईचे केस गेले, चव गेली, आणि पोळ्याच्या आधी, भर दुपारी, ती गेली. बाबा तिच्या उशाशी होते. मी खाली औषधाच्या दुकानात रांगेत उभा होतो. माझा नंबर आला होता.

सगळं झाल्यावर, पाहुणे गेल्यावर, मी पोपटाचा रुमाल काढून एकदा तो खेळ लावला. आमचा माणूस म्हाताऱ्याच्या घरात उभा होता. खिडकीतून जमिनीवर तिरपं ऊन पडलं होतं, मार्चमधल्या त्या दुपारी पडलं होतं तेच. मी काही दाबलं नाही. ऊन हळूहळू सरकायला लागलं तेव्हा मी कॉम्प्युटर बंद केला. पुन्हा तो खेळ लावला नाही.

पुढे मी अनेकांना विचारलं, ओळखीच्या डॉक्टरांना, लग्नात शेजारी जेवायला बसलेल्या डॉक्टरांनासुद्धा. त्या दोन महिन्यांनी काय फरक पडला असता? कोणी म्हणालं, बहुधा काही नाही. कोणी म्हणालं, सांगता येत नाही. मला दोन्ही उत्तरांनी झोप येत नाही. बाबांना मी कधी विचारलं नाही. मला वाटत होतं, ते माझ्या शब्दावर विसंबून थांबले आणि हे त्यांना आठवत असेल, आणि बाप म्हणून ते मला बोलून दाखवत नसतील. एवढ्या वर्षांत आम्ही एका घरात राहिलो, एका ताटलीत पोहे खाल्ले, आणि मी ते माझ्याकडे कधी रोखून पाहतात का यावर लक्ष ठेवत राहिलो.

या हिवाळ्यात माझ्या पित्ताशयात खडे निघाले. काढावे लागतील. बायको तारीख ठरव म्हणून मागे लागली होती आणि मी जेवताना म्हणालो, "पोरीची दहावी होऊन जाऊ दे, मग पाहू." बाबा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून भाकरी दुधात कुस्करत होते. त्यांचा आवाज आता सकाळीही नसतो. ते म्हणाले, "नाही."

"काय नाही बाबा?"

"परीक्षेसाठी थांबाचं नाही. जाऊन ये." मग वाटी बाजूला ठेवून म्हणाले, "तुह्या आईनंही हेच म्हटलं होतं."

मला कळलं नाही.

"रामदासपेठेतून येतानी. ऑटोत. म्हणे, गजूची बारावी होऊन जाऊ द्या, मंग करू. मी म्हटलं, डॉक्टर तर घाई करा म्हणून राहिला. तं म्हणे, माय मरून राहिली असं समजलं तर पोट्टा पेपरात काय लिहीन?"

"तुमी तर मृगाचा माल म्हटलं होतं."

"तिनंच सांगतलं तसं म्हणाचं. तुले शंका नाही आली पायजे म्हणून." त्यांनी वाटी पुन्हा जवळ ओढली. "अन् खोटं कायले बोलू, मले बरंच वाटलं. मले भेव वाटून राहिलं होतं गा. तिनं थांबा म्हटलं अन् मी थांबलो. माणूस भ्यायला असला का त्याले तेवढंच पायजे असते."

बायको उठून आत गेली. मी बाबांना म्हणालो, "मले वाटे, मी तुमाले त्या खेळातलं सांगतलं, आपण जाऊ तवाच पुढचं होते म्हणून. म्हणून तुमी नाही गेले."

त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. मी चेहऱ्याकडे बघत होतो. त्यांना ते वाक्य आठवत नव्हतं. ज्या वाक्याखाली मी अर्धं आयुष्य काढलं ते त्यांच्यापाशी नव्हतंच. "तो घोडेवाला?" शेवटी ते म्हणाले. "त्याच्यापुढं तर तिनंच बसवलं मले. म्हणे, पोट्टा उठत नाही त्याच्यापुढून. तुमी जाऊन बसा, म्हणजे तो अभ्यासाले उठन." आणि मग जरा ओशाळून, "मंग मलेच बरं वाटू लागलं त्याच्यात. ती पोरगी होती ना एक, खोकत होती."

म्हणजे मी अभ्यास करावा म्हणून बाबा तिथे बसत होते. आणि मी त्यांच्यामागे स्टुलावर, मांडीवर पुस्तक मिटून, त्यांना कोणती कळ दाबायची ते सांगत होतो. आई स्वयंपाकघरातून ते ऐकत असणार. तिने ते दोन महिने मला दिले होते आणि मी ते घेतले, आणि त्यातलं एक पानही नीट वाचलं नाही. आतापर्यंत मला वाटत होतं की मी एक चुकीचं वाक्य बोललो. ते परवडलं असतं.

निकाल लागला तेव्हा आई दवाखान्यातच होती. मी काठावर पास झालो होतो. मला ते तिला सांगायची लाज वाटत होती, म्हणून मी नुसतं "झालो पास" म्हटलं. तिने बाबांना पेढे आणायला पाठवलं. पेढे आल्यावर तिने डोक्याला रुमाल घट्ट बांधला, सलाइनची नळी लावलेला हात पोटाशी धरला आणि खाटेवरून उतरली. मी म्हटलं, मी वाटतो, तर ऐकेना. वॉर्डातल्या एकेका खाटेपाशी ती थांबत होती, पेढा हातावर ठेवत होती. ज्यांना खाता येत नव्हतं त्यांच्या उशाशी ठेवत होती. तिला स्वतःला तेव्हा पाण्याचीही चव लागत नव्हती. खिडकीजवळच्या बाईने विचारलं, किती टक्के पडले?

"ते मले नाही समजत बाई," आई म्हणाली. तिचा आवाज वॉर्डभर गेला, सकाळच्या बाबांसारखा. "माह्या पोट्ट्याची बारावी झाली. मोकळी झाली मी आता."

सगळे वळून बघत होते. मी तिच्या हातातून पेढ्यांचा पुडा काढून घेतला. "आई, हळू बोल ना," मी म्हणालो, "लोक पाहून राहिले."